छर्रेबी अन् गोळीबी

जऊळक्यात मी मोबाइल दुरुस्तीचं दुकान उघडलं, तेव्हा माझं पहिलं गिऱ्हाईक बंदूक घेऊन आलं.

नारळ फोडून, अगरबत्ती लावून मी नुकताच खुर्चीवर टेकलो होतो. काउंटरवर आधी एक लांब, तेल पाजलेली नळी येऊन पडली. मग काउंटरच्या काठाला हनुवटी लावून एक बाई म्हणाली, "परकास, ह्या फोनमंदी पोरीचा आवाज बारीक येते. पाह्य बरं."

ती गयाकाकू. आमच्या घराच्या मागच्या कुंपणापलीकडे तिचा मळा होता. वांगी, मेथी, वालाच्या शेंगा. बाजाराच्या दिवशी तिची मेथी वाशीमपर्यंत जायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, एक मुलगी अकोल्याला दिलेली. नवऱ्याच्या मागे तिच्या वाट्याला मळा, विहीर आणि बारा बोअरची एकनळी बंदूक आली होती. बंदूक परवान्याची होती, पिकाच्या राखणीसाठी. आमच्याकडे रानडुकरं एका फेरीत वांग्याचा अख्खा वाफा नांगरून टाकतात, त्यामुळे बंदूक असण्यात कोणाला नवल वाटत नसे. नवल वाटायचं ते काकूच्या उंचीचं. ती खांद्याला बंदूक लावून बांधावरून निघाली, की लांबून बघणाऱ्याला फक्त नळी चालत येताना दिसायची.

त्या दिवशी ती ठाण्यातून येत होती. निवडणूक आली की गावातल्या सगळ्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात आणि मतमोजणी झाली की परत मिळतात. काकूला ह्या नियमाचा राग नव्हता. "तेवढाच तिले आराम," असं ती म्हणे. बंदुकीला ती 'ती' म्हणायची, एखाद्या जावेबद्दल बोलावं तसं.

बंदूक चालवायची तिची पद्धत ठरलेली होती. कडुनिंबाच्या खोडाला पाठ टेकायची, कारण बंदुकीचा धक्का तिला मागे फेकायचा. पदर कमरेला खोचायचा. मग डुकरांकडे तोंड करून मोठ्यानं विचारायचं, "जाता का वाजवू?" आणि उत्तराची वाट बघायची. डुकरं बहुतेक वेळा गेलेली असायची. नसली तर ती आभाळाकडे नळी करून घोडा ओढायची. उभ्या जन्मात तिनं एकही डुक्कर मारलं नाही. बाभळीच्या फांद्या तेवढ्या पाडल्या, आणि एकदा आमच्या गच्चीवरच्या डिशची चाळणी केली. त्या संध्याकाळी मेथीची जुडी घेऊन ती आमच्याकडे आली आणि माझ्या बायकोला म्हणाली, "तुमचे च्यानल गेले काय वं? म्या जरा खालून वाजवलं वाट्टे."

तिची दुसरी सवय म्हणजे समजावून सांगणं. समोरचा घाईत असो, रागात असो, की त्याला ते आधीच ठाऊक असो, काकू कुठलीही गोष्ट मुळापासून सांगायची. बँकेत पैसे काढायला गेली तर मॅनेजरला भरली वांगी कशी करायची ते सांगून यायची. मॅनेजर बिचारा मान हलवत राहायचा. नंतर त्याच्या बायकोनं काकूकडून खास काटेरी वांगी मागवली, हेही खरं.

तर त्या दिवशी मी फोनचा स्पीकर साफ केला आणि आवाज आला का बघायला एक व्हिडिओ लावला. समोर जो आला तो लावला. त्यात टोपीवाला एक जाडा अमेरिकन माणूस होता. त्याच्या हातात एक आखूड रिव्हॉल्वर होतं, पण त्याचं गोल चक्र नेहमीपेक्षा लांब. तो त्यात एक शॉटगनचं काडतूस घालत होता आणि शेजारच्या भोकात पिस्तुलाची गोळी. मग त्यानं दोन टरबुजं फोडली. एकावर छर्रे पसरले, दुसऱ्याला नेमकं एक भोक पडलं.

काकू काउंटरवर चढायचीच बाकी होती. "काय म्हणून राह्यला तो?"

मला जेवढं इंग्रजी कळलं तेवढं मी सांगितलं. "म्हणते, एकाच रिव्हॉल्वरमध्ये दोन्ही चालते. छर्रेबी अन् गोळीबी."

"अन् केवढंसं हाय ते." तिनं आपला पंजा फोनच्या काचेवर ठेवून मापून पाहिला. "परकास, हे माह्यासाठीच केलं त्याईनं. पुन्हा लाव."

मी पुन्हा लावला. ती फक्त टरबुजाच्या वेळी तोंड फिरवायची. खायची वस्तू अशी फोडणं तिला पटलं नाही.

त्या दिवसापासून काकूला दुसरं काही सुचेना. मेथी निवडताना, पाणी धरताना, मयताला गेली तर तिथंही, ती त्या रिव्हॉल्वरबद्दल सांगायची. "लांब नळी कायले पाह्यजे? डुक्कर काय दिल्लीत असते? बांधावरच असते." बायका ऐकून घ्यायच्या. आणि मग एक दिवस ती मला म्हणाली, "चाल, वाशीमले. साहेबाले भेटू."

परवान्याचं काम बघणारे साहेब तरुण होते आणि शांत होते. आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या. काकूचे पाय जमिनीला टेकत नव्हते, ते ती हलवत होती.

"काकू, तुमच्याकडे परवान्याची बंदूक आहे ना?" साहेबांनी विचारलं.

"हाय. पण ती लांब हाय अन् मी आखूड."

"मग तुम्हाला काय पाहिजे?"

काकूनं मुळापासून सांगितलं. टोपीवाला, चक्र, भोकं, सगळं. साहेब ऐकत गेले. शेवटी म्हणाले, "छर्रे कशासाठी?"

"डुकरासाठी."

"आणि गोळी कोणासाठी?"

काकू थांबली. तिनं प्रामाणिकपणे विचार केला. "ते अजून ठरलं नाई, साहेब."

खोलीतले कारकून लिहायचे थांबले. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी पंख्याकडे पाहिलं. मग साहेबांनी चष्मा काढला, रुमाल तोंडावर धरला आणि त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसतात म्हणून कारकून हसले, आणि सगळेच हसतात म्हणून काकूही मनापासून हसली.

पाणी पिऊन साहेबांनी तिला नीट सांगितलं, की असलं परदेशी हत्यार साध्या माणसाला मिळत नाही, पिकाच्या राखणीसाठी तर नाहीच नाही.

"समजलं मले," काकू म्हणाली. "मंग असं करा. छर्र्यावालं मले द्या अन् गोळी तुमच्यापाशी ठेवा."

साहेबांनी चहा मागवला. परतीच्या एसटीत काकू म्हणाली, "साहेब चांगला हाय. नाई म्हन्तानाबी चहा पाजला त्यानं." पण तिचा विचार बदललेला नव्हता.

आमच्या स्टँडमागे सलीमभाईचं सुतारकामाचं दुकान होतं. दारं, खिडक्या, लग्नातले दिवाण. काकू फोन घेऊन तिथं गेली आणि व्हिडिओ थांबवून त्याच्यासमोर धरला.

"काकू, मी दरवाजे करतो. बंदूक कैसी करू?" सलीमभाई म्हणाला.

"खरी नको. नुसती हातात धरून पाहाची हाय. माप कळन मले."

"अन् मग?"

"मंग काई नाई. मन भरन."

सलीमभाईला हे कारण पटलं. त्यानं बाभळीचं लाकूड घेतलं. आधी नाही नाही म्हणणारा तो माणूस नंतर इतका रंगला, की एका लग्नघराचा दिवाण अर्धा राहिला आणि नवरीचा बाप दुकानात येऊन बसला. चक्र फिरलं पाहिजे, ही त्याची हौस होती. त्यानं ते वेगळं कातलं, मधे खिळा घातला आणि ते फिरताना टकटक वाजेल अशी सोय केली. भोकं पाडली, काळं पॉलिश केलं. मला दाखवताना म्हणाला, "परकासभाई, याच्यात फक्त जान नाही."

काकूनं ते हातात घेतलं आणि चक्र टकटक फिरवून पाहिलं. मूठ तिच्या पंज्यात बरोबर बसली होती. त्या दिवसापासून ते तिच्या लुगड्याच्या ओच्यात असायचं. मेथीवर पाखरं बसली की ती ते काढायची आणि तोंडानं "ठो" म्हणायची. पाखरं उडायची. तिच्या आवाजानं उडायची, पण श्रेय रिव्हॉल्वरला मिळायचं.

पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा निवडणूक लागली आणि बंदूक ठाण्यात गेली. त्यातच पोहरादेवीची जत्रा आली. गावातलं जवळजवळ प्रत्येक घर रिकामं झालं, कोणी दर्शनाला, कोणी दुकान लावायला. काकूनं भाजी टेम्पोत भरून दिली आणि गुडघा धरला म्हणून ती मागे राहिली. मी दुकान सांभाळत होतो.

भर दुपारी तिच्या विहिरीवर दोन माणसं आली. पाण्यातली मोटर चोरायला. फ्यूज काढला, वायर तोडली आणि दोराला धरून मोटर वर ओढायला लागली. त्यातल्या एकानं जोर लावायला सोपं जावं म्हणून दोर कमरेला गुंडाळून घेतला होता. मोटर अर्ध्यात आली, तेव्हा वालाच्या मांडवातून काकू बाहेर आली. हातात ते काळं रिव्हॉल्वर.

दुसऱ्यानं ते पाहिलं, दोर सोडला, मोटरसायकलला किक मारली आणि तो पसार झाला. राहिला कमरेवाला. पाय काठाला रोवून, मागे रेलून, मोटरचा सगळा भार अंगावर घेऊन. सोडलं तर मोटरीबरोबर तोही विहिरीत.

अशा माणसाला काकूनं ते हत्यार मुळापासून समजावून सांगितलं.

"हे अमेरिकेतलं हाय. याच्यात एका भोकात छर्रे बसते अन् दुसऱ्यात गोळी. छर्रे पसरते, गोळी नेमकी जाते. तुले काय पाह्यजे?"

तो घामानं निथळत होता. "मावशी, छर्रे."

"काहून?"

"छर्र्यानं माणूस मरत नाई म्हन्ते."

"जवळून मरते."

"मंग काईच नको, मावशी."

"बरं. मंग मोटर खाली सोड. हळू. पाणी गढूळ नको करू."

त्यानं इंच इंच मोटर खाली सोडली. काकूनं दोराचं टोक विहिरीकाठच्या खांबाच्या खुंटीला बांधलं. खुंटी ढिली होती. हाताशी दगड नव्हता, म्हणून तिनं रिव्हॉल्वरच्या मुठीनं ती ठोकायला सुरुवात केली. दोन-चार ठोक्यांत चक्र निखळलं आणि घरंगळत त्या माणसाच्या पायाशी गेलं.

तो त्या चक्राकडे बघत राहिला. "मावशी, हे तं लाकडाचं हाय."

"हो. बाभळीचं हाय. सलीमभाईनं केलं. पण तू दोर सोडू नको आताच, गाठ व्हाची हाय."

त्यानं सोडला नाही. मला आजही सगळ्यात जास्त हसू येतं ते ह्याचंच. हत्यार लाकडाचं आहे हे कळल्यावरही गाठ पक्की होईपर्यंत तो माणूस दोर धरून उभा राहिला.

मळ्याकडून आलेली अनोळखी मोटरसायकल दुकानासमोरून भरधाव गेली म्हणून मी मळ्यात पोचलो, तोवर तो तोडलेली वायर जोडून देत होता. मुळात तो वायरमनच निघाला. फ्यूज घातला, मोटर सुरू झाली, पाणी आलं. काकूनं त्याला ओंजळभर पाणी प्यायला लावलं. मग दोघं कडुनिंबाखाली बसले. ती भाकर-ठेचा वाढत मला सगळं सांगत होती. तिचं कुठं चुकलं की तो तोंडातला घास बाजूला करून दुरुस्त करत होता.

"मी छर्रे म्हन्लं होतं," तो म्हणाला.

"हो, यानं छर्रेच म्हन्लं," काकूनं मान्य केलं.

मी ठाण्यात फोन लावू का म्हणून विचारलं. काकू म्हणाली, "राहू दे. मोटर जाग्यावर हाय, वायर जोडून देल्ली. अन् याचा दोस्त याले सोडून पळून गेला, ते काय कमी झालं?" त्याला गाडीही नव्हती. ऊन उतरल्यावर तो पायी स्टेशनकडे गेला. काकूनं दिलेली वांगी त्यानं शर्टात बांधून घेतली होती.

गोष्ट तिथंच संपायला हवी होती. पण निवडणूक झाली, काकू बंदूक आणायला ठाण्यात गेली आणि तिथं वानखडे जमादारांना तिनं हे सगळं, समजावून, सांगितलं. जमादारांच्या हातातला चहा बशीत सांडला.

"काकू, हे मले कायले सांगता? आता मले वर कळवा लागन."

"कळवा ना. चांगलंच झालं ते."

जमादारांनी कळवलं आणि काकूला वाशीमचं बोलावणं आलं. परवानाधारक बाईनं खोटं हत्यार दाखवून माणसाला धमकावलं, परवाना का काढून घेऊ नये, असा प्रश्न होता. गावात सगळ्यांचे चेहरे उतरले. तिच्या बंदुकीचा एक आवाज आसपासच्या मळ्यांनाही पुरायचा. सलीमभाईनं तर दुकान बंद ठेवलं. पाच-सहा जण आम्ही तिच्यासोबत गेलो, बाहेर व्हरांड्यात थांबलो. मी तेवढा आत.

साहेब तेच होते. ह्या वेळी हसत नव्हते. "काकू, तुम्ही त्याला धमकावलं का?"

"नाई साहेब. समजावून सांगतलं."

साहेबांनी ओठ दाबले. पुढचे प्रश्न साधे होते. ती कुठून बार काढते, आजूबाजूला घरं किती, सोबत कोण असतं. तिनं नीट उत्तरं दिली. माझा जीव भांड्यात पडत होता. शेवटी साहेब सहज म्हणाले, "काकू, समोरच्या घड्याळात किती वाजले?"

काकूनं समोर पाहिलं. डावीकडे पाहिलं. भिंतीवर ताटाएवढं घड्याळ होतं.

"घड्याळ कोठी हाय?" तिनं विचारलं.

 हलणारे तिचे पाय थांबले. मग ती स्वतःच बोलली, माझ्याकडे न बघता.

"साहेब, मले डुकरं दिसत नाई आता. आवाज आला की मी वाजवतो. छर्रे पसरते, नेम धरा लागत नाई, म्हनून मले ते लहानं पाह्यजे होतं. हाताशी धरलं अन् वाजवलं. पण आवाज डुकराचाच असन असं काय हाय? कोणी मानूस असला तं?" तिनं श्वास घेतला. "तुमी काढून नका घेऊ. मी देतो."

साहेब खुर्चीतून उठले. तिच्या जवळ येऊन उभे राहिले. 

"बंदूक जमा होईल तिथल्या मानसाले सांगजा," काकू म्हणाली, "तिले तेल पाजत जाय म्हना. कोरडी राहिली की कुरकुरते."

बाहेर आल्यावर सगळे तिच्याभोवती जमले. ती म्हणाली, "काय तोंडं करून राह्यले? भूक लागली मले. कचोरी कोठी भेटते?" आम्ही तिथल्या एका गाडीवर कचोऱ्या खाल्ल्या. सलीमभाई रडत होता आणि तिखट आहे म्हणत होता. काकूनं त्याला पाणी दिलं. येताना एसटीत ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. किंवा झोपल्यासारखी पडून राहिली.

दिवाळीआधी मुलीनं तिला अकोल्याला नेऊन डोळ्यांचं ऑपरेशन करून आणलं. दोन्ही डोळ्यांचं. परत आली ती काळा चष्मा लावून. काही दिवसांनी चष्मा निघाला आणि ती आधी माझ्या दुकानात आली. दारात उभी राहून माझ्याकडे टक लावून पाहत राहिली.

"परकास," ती म्हणाली, "तू एवढा म्हातारा कवा झाला?"

मग ती गावभर हिंडली आणि ज्याला त्याला असं काहीतरी ऐकवून आली. जमादारांना म्हणाली, रंग उडाला तुमच्या टोपीचा. सलीमभाईला म्हणाली, दुकानाच्या पाटीवर तुझं नाव चुकलंय. चुकलंच होतं, आणि आम्ही ते कधीच वाचलं नव्हतं. बाया तिला घरात घ्यायच्या आधी जाळी-जळमटं काढायला लागल्या.

मळा तिनं बटाईनं दिला. मुलगी म्हणाली, आता तू माझ्याकडेच राहा. काकूनं फार वाद घातला नाही. थंडी पडायला लागली होती, तेव्हा एका सकाळी आम्ही तिला पोचवायला स्टेशनवर गेलो. सलीमभाई, जमादार, माझी बायको, मी आणि शेजारच्या दोघी. गाडी आमच्याकडे फार थांबत नाही. मुलीनं पिशव्या आत ढकलल्या, काकूला वर ओढून घेतलं. तिला खिडकी मिळाली.

गाडी हलली. आम्ही हात वर केले. माझी बायको डोळे पुसत होती, जमादार उगाच खाकरत होते. काकूनंही हात बाहेर काढला, पण तो हलवला नाही. आमच्या डोक्यांवरून तिनं मागे कुठेतरी बोट दाखवलं आणि तोंडानं काहीतरी म्हणाली. गाडीच्या आवाजात ते ऐकू आलं नाही. तिचा चेहरा मात्र असा फुलला होता, की आम्ही सगळे एकदम मागे वळलो.

मागे रुळांपलीकडे तुरीचं शेत होतं. फुलोऱ्यावर आलेलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत पिवळं. आम्ही रोज त्याच्या कडेनं जायचो. त्या सकाळी आम्ही सहाही जण तिथं उभं राहून ते पाहत राहिलो आणि परत वळलो, तेव्हा गाडीचा शेवटचा डबा वळणाआड जात होता.